कोणत्या सालची जीप? कोळारच्या एका जुन्या गाडीविषयी

१७ सप्टेंबरच्या प्रदर्शनात यंदा एक जुनी जीप मांडायचं मंडळाने ठरवलं आहे. गाडी कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये उभी आहे. (कोळार म्हणजे आमचं बीदरजवळचं, सोन्याच्या खाणीचं कोलार नव्हे. बाहेरगावच्या वाचकांचा दर वेळी घोटाळा होतो म्हणून सांगितलं.) गाडीपुढे ठेवायची पाटी मालकांनी आधीच रंगवून घेतली आहे: ‘पोलीस ॲक्शन १९४८ मधील मूळ लष्करी जीप’. मी आयुष्यभर कारखान्यात यंत्रांवर काम केलेला माणूस, इतिहास मागाहून स्वतःच वाचून शिकलो. त्यामुळे माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. चार दिवस मी गाडीखाली, गाडीवर आणि शेडमागच्या भंगारात घालवले. पत्रक काही लिहून झालं नाही, हे टिपण झालं.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. काम चांगलं आहे, पाटी चुकीची आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, पाटी खरी वाटावी म्हणून गाडीचा स्वतःचा इतिहास गॅस कटरने कापून काढलेला आहे. मालकांना हे मी तोंडावर सांगितलं आहे, त्यामुळे इथे लिहायला संकोच नाही. गाडीचं काय करायचं हे त्यांचं ते ठरवतील. पाटीवर काय लिहायचं हे मात्र मंडळाने ठरवायचं आहे, कारण ती पाटी मंडळाच्या नावाने उभी राहणार.

काम कसं आहे

आधी चांगलं ते सांगतो. गाडी हँडलवर दुसऱ्या फेऱ्यात सुरू होते. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन धूर न सोडता चालतं. ब्रेक चारही चाकांना सारखे लागतात. जुन्या जीपवाल्यांना विचारा, ही गोष्ट नव्या गाडीतही मिळत नसे. फोरव्हीलचा दांडा आणि लो गेअरचा दांडा, दोन्ही हलक्या हाताने पडतात. ट्रान्सफर केसमधून तेल गळत नाही, आणि हे ज्याने जीप बाळगली आहे त्यालाच कळेल.

सुटे भाग जमवायला मालकांना सहा वर्षं लागली. इंजिन हैदराबादच्या भंगारातून आलं. गेअरबॉक्सची एक चकती मिळेना म्हणून मिस्त्रींनी जुनीवरून माप घेऊन लेथवर नवी काढली. पुढच्या धुऱ्याची एक बाजू एका साखर कारखान्याच्या आवारात लिंबाखाली पडलेली सापडली. मागचा एक हब चक्क टायरच्या बैलगाडीखाली मिळाला. शेतकऱ्याला दुसरी जोडी घालून दिली आणि हा सोडवून आणला. आपल्या भागात जीप अशीच विखुरलेली आहे. भंगारवाल्याकडे ती अख्खी कधी भेटत नाही. कुणाच्या गाडीखाली, कुणाच्या मोटेच्या जागी, कुणाच्या फाटकाच्या चौकटीत भेटते. ती ओळखायला नजर लागते, आणि ती नजर मालकांकडे आहे. शोधाचा हा भाग मला सगळ्यात आवडला. त्याची एकही नोंद वहीत नाही, ही माझी पहिली तक्रार.

गाडी काय सांगते

मालकांचं म्हणणं, ही गाडी १९४८ मध्ये सोलापूरच्या बाजूने फौजेबरोबर आली, बिघडली आणि इथेच राहिली. त्यांच्या वडिलांनी ती एका शेतकऱ्याकडून घेतली, आणि वडील तसं सांगत. घरातली गोष्ट मी हसण्यावारी नेत नाही. पण गाडीलाही तोंड असतं. तिला विचारावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धातली जीप दोन कारखान्यांनी केली: विलिसची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. सगळ्यांचं स्टिअरिंग डावीकडे. बोनेट बसकं, कारण इंजिन साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये आणि वर सपाट हेड. पुढच्या जाळीला नऊ उभ्या खाचा आणि दिवे जाळीच्या आत. मागे उघडणारं फळकूट नाही. स्टेपनी मागच्या पत्र्यावर. वीज सहा व्होल्टची. युद्धानंतर विलिसने शेतकऱ्यांसाठी सीजे मालिका काढली. तिला मागे फळकूट आलं, स्टेपनी बाजूला गेली, जाळीच्या खाचा सात झाल्या आणि दिवे मोठे झाले. १९५३ मध्ये सीजे-३बी आली. तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला आणि एक्झॉस्ट खालीच राहिला. इंजिन उंच झालं म्हणून बोनेटही उंच करावं लागलं. आपण लहानपणी सरकारी कचेरीसमोर पाहिलेली ती उंच नाकाची जीप हीच.

आता शेडमधली गाडी. वरून पाहिली तर एमबी: नऊ खाचा, बसकं बोनेट, डावीकडे स्टिअरिंग, गर्द हिरवा रंग, बोनेटवर पांढरा तारा. पण बोनेटच्या मधोमध हात फिरवला की दोन बोटं फुगवटा लागतो. इंजिन आहे उंच हेडचं, १९५३ नंतरचं. बोनेट बंद होईना म्हणून आतली पट्टी कापली, पत्रा ठोकून वर घेतला आणि तो उंचवटा ताऱ्याखाली लपवला. मिस्त्रींना मी विचारलं तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “हौ साब, बाडी नवीच है, पंजाब से आई. नीचे का सब पुराना है.”

इंजिन बाहेरून आलेलं, बॉडी नवी, म्हणजे या दोघांची साक्ष गाडीच्या जन्माबद्दल काहीच सांगत नाही. राहिलं खालचं पुरानं. चेसिसच्या उजव्या बाजूला स्टिअरिंग बॉक्सचा जुना तळ गॅसने कापल्याची खूण आहे. डाव्या बाजूला नवा तळ वेल्ड केलेला, त्याचा टाका अजून चकचकीत. म्हणजे गाडी जन्मली उजव्या स्टिअरिंगची. दुसरी साक्ष मागच्या धुऱ्याची. एमबीच्या मागच्या हबवर बोल्टांचं कडं असतं आणि गाडीचं वजन धुऱ्याच्या बाहेरच्या नळीवर येतं. या गाडीला निमुळता धुरा आणि मधोमध एकच मोठा नट आहे. ही नंतरच्या सीजेंची रचना. बैलगाडीखालचा हबही त्याच जातीचा होता, म्हणून तर तो इथे बसला. तिसरी साक्ष शेडच्या मागे पडली आहे: काढून टाकलेली जुनी बॉडी. तिचं बोनेट उंच आहे, काच एकसंध आहे आणि मागे फळकुटाच्या बिजागऱ्या आहेत.

तीन साक्षी एकमेकींना न विचारता एकच सांगतात. ही सीजे-३बी आहे, म्हणजे १९५३ च्या आधीची असूच शकत नाही. १९४८ मध्ये या नमुन्याची गाडी जगात कुठेच नव्हती.

१९४८ साली या रस्त्यावर

पाटीवरच्या तारखेचं महत्त्व मला कमी करायचं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या फौजेने सोलापूरकडून नळदुर्गला बोरी नदीचा पूल धरला. तिथून उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहीराबाद. म्हणजे आपण आज ज्या रस्त्याने हैदराबादला जातो तोच. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ ला त्याचे सेनापती एल इद्रूस चौधरींना शरण गेले. त्या रांगेत रणगाडे होते, ट्रक होते आणि जीपाही होत्या. तेव्हाच्या भारतीय फौजेतली जीप म्हणजे युद्धातून उरलेली एमबी किंवा जीपीडब्ल्यू. तसली एखादी खरोखर सापडली तर मंडळाने ती डोक्यावर घेऊन मिरवावी, मी पुढे असेन.

बोनेटवरचा पांढरा तारा मात्र अमेरिकी सैन्याची खूण. युरोपात शेवटच्या दोन वर्षांत बाकीच्या दोस्त फौजांनीही ती वापरली. तो तारा आपल्या प्रदर्शनात आला आहे तो सिनेमातून. राजेश्वर-हुमनाबादच्या रस्त्यावर तो होता असं म्हणायला मला कुठलाही कागद किंवा छायाचित्र दाखवलं गेलेलं नाही.

याच साली जीपेवरून एक मोठं प्रकरणही झालं, ते इथे आठवतं. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा सुमारे ८० लाखांचा करार केला. १५५ जीपा आल्या आणि त्या वापरालायक नाहीत असं ठरलं. संसदेत वर्षानुवर्षं गदारोळ होऊन सरकारने ३० सप्टेंबर १९५५ ला विषय बंद केला. स्वतंत्र भारताचा पहिला घोटाळा म्हणून त्याचं नाव घेतात. जुनी जीप नव्यासारखी करून द्यायच्या धंद्याकडे तेव्हापासून जरा डोळे उघडे ठेवूनच पाहायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट जपून लिहितो. या जिल्ह्यांत १९४८ ही तारीख सगळ्यांच्या घरी एकाच रंगाची नाही. गोरट्यात मे महिन्यात रझाकारांनी केलेलं हत्याकांड आहे. फौज आल्यानंतरच्या दिवसांत जे झालं तेही आहे. सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी झाल्याचं नोंदवलं, त्यांत बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, ही दोन्ही नावं आहेत. ज्या विषयावर माणसं अजून आवाज खाली करून बोलतात, तिथे खोटी वस्तू मांडून चालत नाही. उद्या कुणी पाटी खोटी ठरवली तर पाटीबरोबर आपण जमवलेल्या खऱ्या आठवणींवरचाही विश्वास उडेल. गोरट्याच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आपण ज्या वहीत उतरवलं, त्याच वहीवर संशय येईल.

मागच्या भंगारात काय होतं

शेडमागची जुनी बॉडी मी मालकांच्या परवानगीने पालथी केली. फळकुटाच्या आतल्या बाजूचा रंग नखाने खरवडला. वर पिवळट पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली राखाडी. निळ्यावर हाताने रंगवलेली कन्नड अक्षरं आहेत. बहुतेक गेली, एक शब्द नीट लागतो: ‘अभिवृद्धी’, म्हणजे विकास.

एवढ्यावरून मी ‘असावी’ एवढंच म्हणेन. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामूहिक विकास योजना ५५ ठिकाणी सुरू झाली आणि पुढे तालुक्या-तालुक्यात विकास गट आले. गटविकास अधिकारी म्हणजे जीप, असं समीकरणच होतं. बीडीओची जीप गावात शिरली की पोरं मागे पळत. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा बीदर जिल्हा चिरला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा ही बाजू मुंबई राज्यात गेली. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. पाट्या उर्दूच्या कन्नड झाल्या. ही गाडी त्यानंतरच्या एखाद्या विकास कचेरीची असावी. ज्यांचं घरातलं बोलणं मराठी, त्यांच्या दारात सरकार कन्नड अक्षरं लावून पहिल्यांदा आलं ते अशा जीपेतून. सरहद्दीच्या इतिहासाला हा पुरावा लहान आहे का?

तिचा कारखानाही आपल्या इतिहासाला लागून आहे. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ काढली. हे गुलाम मोहम्मद त्याआधी हैदराबादच्या निजामाच्या सरकारात अर्थखातं सांभाळून आलेले. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं आणि १९४९ पासून मुंबईत माझगावला विलिस जीपांची जोडणी होऊ लागली. ज्यांना हैदराबादशी नातं दाखवायचंच आहे त्यांनी हे दाखवावं. यात एकही अक्षर खोटं नाही.

बॉडीच्या तळपत्र्यावर दोन्ही बाजूंना बाकड्यांच्या बोल्टांची भोकं आहेत. पुढे कधीतरी ही गाडी शिटं भरून चालली. चेसिसवर इंजिन टेकवायचे दोन जादा पाय वेल्ड केलेले होते. तेही कापलेत, पण टाके दिसतात. माप घेतलं तर ते प्यूजोच्या डिझेल इंजिनाचे निघाले. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोशी करार केला आणि ते एक्सडीपी इंजिन जीपेत येऊ लागलं. मग जुन्या पेट्रोल जीपांची इंजिनं उतरवून गावोगाव डिझेल बसवायची लाट आली. पेट्रोल परवडत नव्हतं, एवढं साधं कारण. आरसी बुकात इंधनाचा बदल नोंदलेला आहे. ते पुस्तक मालकांकडे अजून आहे, हे नशीब.

म्हणजे क्रम असा लागतो: कारखाना, कचेरी, लिलाव, शेत, शिटं, पुन्हा शेत. साठ वर्षांचा सरहद्दीवरचा संसार. त्यातली प्रत्येक खूण ‘मूळ रूप’ आणण्यासाठी काढली, आणि आणलेलं रूप या गाडीचं कधीच नव्हतं.

“प्रतीक म्हणून चालेल की”

मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण मुद्दा सोडणारे नाहीत. ते म्हणाले, “सर, लोकांना बीडीओची जीप बघायला कोण बोलावणार? फौजेची म्हटलं की पोरं फोटो काढतात. खरी कुठून आणू? प्रतीक म्हणून चालेल की.”

मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. नाटकात तलवार लाकडाची असते आणि कुणी तक्रार करत नाही. पाटीवर ‘एमबीसारखी सजवलेली महिंद्रा जीप’ असं लिहिलं तर माझी हरकत संपते. पाटीवर ‘मूळ’ लिहिलंय, अडचण तिथे आहे.

आणि लोकांना फक्त नवं-चकचकीत आवडतं, हे मला बीदरमध्ये राहून पटत नाही. महमूद गावानचा मदरसा बघा. १४७२ ची इमारत. औरंगजेबाच्या काळात स्फोट होऊन दर्शनी भाग उडाला, एक मिनार गेला. आज एकच मिनार उभा आहे आणि त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशा अर्ध्या आहेत, अर्ध्या नाहीत. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी बीदरच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९४७ मध्ये निघाला. त्यांच्या खात्याने इथल्या इमारती सावरल्या, भेगा बुजवल्या, पण पडलेला मिनार अंदाजाने उभा केला नाही. नंतरच्यांनीही केला नाही. माणसं लांबून येतात ती त्या अर्ध्या दर्शनी भागासमोरच उभी राहतात. वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व आहे: अंदाज सुरू झाला की दुरुस्ती थांबली पाहिजे. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, ट्युरिन सनदेत तेच गाड्यांना लावलं. जपणं आधी, नवं करणं नंतर; वापराच्या काळात झालेले बदल हे गाडीच्या इतिहासाचाच भाग; नवा भाग घातला तर तो ओळखू यावा.

आपला कायदा मात्र इथे थोडा तोकडा पडतो. जुलै २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांना ‘विंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. हेतू चांगला आहे. पण या चाळणीतून शेतकऱ्याने १९८५ मध्ये डिझेल बसवलेली जीपही पडते आणि कोळारची ही नवी ‘एमबी’ही. पहिली तिच्या आयुष्यामुळे बदलली, दुसरी दिखाव्यासाठी. नियमाला दोन्ही सारख्याच. आणि क्रमांक मिळावा म्हणून पहिलीचा मालक तिच्यातलं डिझेल उपटून कुठलं तरी पेट्रोल इंजिन बसवायला धावतो. म्हणजे नियम जे वाचवायला निघाला, तेच मोडायची घाई त्याने लावली. हे मी दोन ठिकाणी होताना पाहिलं आहे.

माझ्या हातून झालेलं

एवढं सगळं मी कोणत्या तोंडाने सांगतो, हे सांगितल्याशिवाय टिपण पुरं होणार नाही.

माझ्या मामांची आळंद तालुक्यात शेती होती आणि एक उंच नाकाची जीप होती, डिझेल बसवलेली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. उजाडल्यावर मामा गाडी घेऊन तिकडे गेले. बाकडी काढून टाकली आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्याला गावातल्या लोहाराकडून चार कड्या वेल्ड करून घेतल्या, म्हणजे बाज आडवी टाकून दोराने बांधता येईल. त्या बाजेवरून त्यांनी जखमी माणसं उमरग्याला आणली. किती फेऱ्या केल्या ते त्यांनी मोजलं नाही. पुढे कधी त्यावर बोललेही नाहीत.

मामा गेल्यावर २००६ मध्ये मी ती जीप पुण्याला नेली. तेव्हा मी इंजिनिअर होतो, इतिहास माझ्या गावीही नव्हता. वर्षभर सुट्ट्या घालवून मी ती ‘आर्मी’ केली. डिझेल इंजिन काढून विकलं. पत्रा साफ करताना चार ओबडधोबड कड्या आडव्या आल्या. ग्राइंडर लावून त्या काढल्या, वर लांबी भरली, घासून गुळगुळीत केलं, हिरवा रंग मारला. तारासुद्धा काढला, खोटं कशाला बोलू. गाडी घेऊन गावी गेलो. मामी बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पत्र्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “आरं, बाजंच्या कड्या कुठं गेल्या?”

मी सांगितलं, गंजल्या होत्या, काढल्या. त्या काही बोलल्या नाहीत. चहा करायला आत गेल्या.

त्या कड्यांचा एकही फोटो नाही. त्या फेऱ्यांचा कागद कुठल्याच कचेरीत नाही. खाजगी गाडीचा कशाला असेल? होता तो पुरावा त्या चार कड्या, आणि तो नष्ट करणारा मीच. मी जुनी कागदपत्रं वाचायला लागलो ते त्यानंतर. ती जीप अजून माझ्याकडे आहे, चालतेही छान. प्रदर्शनाला मी ती कधी दिली नाही.

म्हणून कोळारच्या शेडमध्ये कापलेले पाय आणि खरवडलेला पत्रा पाहिला तेव्हा मालकांचा राग आला नाही. ओळख पटली.

पाटीवर काय लिहावं

मंडळापुढे माझी सूचना अशी. गाडी प्रदर्शनात जरूर मांडावी, कारण काम बघण्यासारखं आहे. पाटी पुढीलप्रमाणे असावी:

‘महिंद्रा-विलिस सीजे-३बी जीप, १९५३ नंतरची. पूर्वी म्हैसूर राज्यातील विकास कचेरीत असावी. पुढे शेती व प्रवासी वाहतुकीत वापर. डिझेल इंजिन बसवले होते. अलीकडे दुसऱ्या महायुद्धातील जीपेच्या धर्तीवर नवी बॉडी आणि दुसऱ्या गाडीचे पेट्रोल इंजिन बसवून सजवली आहे. सुटे भाग हैदराबाद, पंजाब, साखर कारखान्याचे आवार आणि एका टायरगाडीतून मिळवले.’

शेजारी जुनी बॉडी आहे तशी, न धुता ठेवावी, फळकूट उघडं, ‘अभिवृद्धी’ हा शब्द दिसेल असं. आरसी बुकाच्या पानांची मोठी प्रत लावावी. मिस्त्रींना दिवसभर तिथे बसवावं आणि लेथवर काढलेली चकती जुन्या चकतीशेजारी मांडावी. लोक काय बघतात ते मग कळेल.

आणि ज्यांच्या वाड्यात, गोठ्यात, शेडमध्ये जुनी जीप पडली आहे त्यांना विनंती. दुरुस्त करा, चालवा, गंजत ठेवू नका. पण पहिला पाना लावायच्या आधी फोटो काढा, खालूनसुद्धा. चेसिसवर पंच केलेला क्रमांक कागदावर पेन्सिलीने घासून उतरवून घ्या. रंग खरवडण्याआधी एका कोपऱ्यात थर मोजा. काढलेला प्रत्येक भाग, विचित्र वेल्डिंगचा तर आधी, पोत्यात घालून नाव लिहून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गाडीजवळ आणून विचारा, हे भोक कशाचं, ही कडी कशाची. हे शेवटचं काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

कोळारच्या मालकांनी हे टिपण छापायच्या आधी वाचलं. पाटीबद्दल त्यांनी अजून होय म्हटलेलं नाही. पण भंगारवाला मागची बॉडी उचलायला आला होता, त्याला त्यांनी परत पाठवलं, असं मिस्त्रींनी फोनवर सांगितलं.